गुरं निजवायचं गाणं

वाऱ्यानं उडवलेला कागद एल्डननं बुटाखाली दाबला आणि उचलला. बँडच्या मागच्या रांगेत बसलेल्या त्याच्या पोरीच्या, ट्रुडीच्या, स्टँडवरचा होता. नेब्रास्कात उघड्या मैदानावर वाजवायचं, तर कागदांना कपड्यांचे चिमटे हवेतच. पोरीला पन्नाशी आली तरी एवढं भान नाही, असं पुटपुटत तो वळणार, तोच त्याची नजर कागदावर पडली.

त्याच्या सोलोचे, म्हणजे त्यानं ट्रम्पेटसारख्या कॉर्नेटवर एकट्यानं वाजवायचे, सूर तिथं बारीक करून लिहिले होते. त्यात नवल नव्हतं. मुख्य वादक ऐनवेळी आजारी पडला तर दुसऱ्यानं निभावून न्यावं, म्हणून बँडमास्तर ते असे लिहून ठेवतात. पण या बारीक सुरांवर पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केल्या होत्या. कुठं दम घ्यायचा, कुठं ओढून न्यायचं, सगळं. खोडून खोडून पुन्हा केलेल्या. जे वाजवायचंच नाही, त्यात श्वास कुठं घ्यावा हे कोण कशाला ठरवील?

"द्या इकडे, बाबा," ट्रुडी म्हणाली. त्यानं कागद दिला.

सोलोचं गाणं एल्डनच्या घरातलं. त्याचा आजा रात्री कळपाभोवती घोडा फिरवताना ते म्हणायचा, म्हणजे गुरं बुजून उधळायची नाहीत. एल्डनच्या तोंडून ऐकून व्हर्न बँडमास्तरनं ते अख्ख्या बँडसाठी बसवलं. "पण सोलो माझा," एल्डननं बजावलं होतं. "अहो, तुमच्याशिवाय कुणाचा?" व्हर्न म्हणाला होता.

त्याच वर्षी एल्डनला कवळी बसली. कवळी आली की फुंकेला जोर राहत नाही, म्हणतात. तरी गावाच्या वर्धापनदिनाला त्याच्या सोलोवर लोक उठून उभे राहिले, आणि तेव्हापासून दरवर्षी राहतात. दात गेले पण दम नाही गेला, असं तो कॉफी पिता पिता भेटेल त्याला ऐकवायचा. आणि ट्रुडीला घरी, तालमीत, चारचौघांत: "तुझ्या छातीत सोलोचा दम नाही, पोरी. तू आपली मागंच बरी." लोक हसायचे. तीही हसायची.

आज वर्धापनदिनाला व्हर्ननं पुन्हा हात उचलला. क्लॅरिनेट हळूच सुरू झाले, ढोलावर घोड्याच्या टापा पडू लागल्या. एल्डन उभा राहिला. कॉर्नेट ओठांना लावला, छाती भरून घेतली, बोटं कळांवर ठेवली. पेन्सिलीच्या त्या खुणा डोळ्यांसमोरून जाईनात.

आणि फुंक मारलीच नाही.

गाणं सुरू झालं. त्याच्या कानामागून, इतक्या जवळून, की त्याचं त्यालाच आपलं वाटावं. एल्डन बोटं हलवत राहिला. वरचा अवघड सूर जवळ आला, तसा तो मनातल्या मनात पोटच्या पोरीच्या सुराला म्हणाला, फाट, एकदाचा फाट. सूर फाटला नाही. स्वच्छ वर चढला, तिथं थांबला, आणि सावकाश खाली आला.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. व्हर्ननं हात पुढं करून एल्डनकडे दाखवलं. एल्डन वाकला. दुसरं काय करणार?

खुर्च्या हलल्या, माणसं सॉसेजच्या गाड्यांकडे पांगली. ट्रुडी कॉर्नेटमध्ये फुंकेनं साचलेलं पाणी गवतावर झटकत होती. एल्डन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याची एकच आशा उरली होती. बाप वाजवत नाही असं पाहून पोरीनं ऐनवेळी सावरून घेतलं असेल. आजच्यापुरतं. खुणा काय, खबरदारी म्हणून केल्या असतील. त्याला ते मनापासून हवं होतं.

"आज... आज कसं वाजलं गं?"

ट्रुडीनं फडक्यानं कॉर्नेट पुसला, पेटीत ठेवला, पेटीची कडी लावली आणि मग वर पाहिलं.

"दरवर्षीसारखंच, बाबा."