नुसतं पांढरं

विमानतळाच्या दारात मी पासपोर्ट हातात धरून उभी, आणि आई पलीकडे आइस्क्रीमच्या रांगेत! माझ्या मागून आलेले कधीच आत गेले. मी नोकरीसाठी मेलबर्नला चालले होते आणि हिला आत्ताच आइस्क्रीम आठवलं होतं.

जाणार म्हटल्यापासून तिने माझ्याशी अबोला धरला होता. आज घरून निघताना माझ्या हातावर दही ठेवायलासुद्धा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. शेवटी बाबांनीच बॅगा उचलल्या. आणि आता काउंटरवर हिच्या चौकशा चालल्या होत्या: "पांढरं आहे का? नुसतं पांढरं. दुधाचंच ना? नक्की?"

"आई, अगं कुठलंही घे! माझं विमान चुकेल!" मी इथूनच ओरडले. तिने वळूनही पाहिलं नाही. चुकलं तर बरंच, असंच असणार तिच्या मनात.

कप घेऊन ती आली तेव्हा माझा पारा चढलेलाच होता. "आता बस खात निवांत. मी निघते."

"थांब. हात पुढे कर."

"कशाला?"

तिने माझ्या हातातला पासपोर्ट काढून बाबांकडे दिला आणि लाकडी चमच्याने थोडं आइस्क्रीम माझ्या उजव्या तळहातावर ठेवलं.

"इथे दही कुठून आणू?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. थंडगार ओघळ मनगटाकडे निघाला.

"बघतेस काय? चाट पटकन," आई खेकसली. "उगाच विमान चुकवशील."