आमिषाला दात कशाला?

“काढायचा नाही. भरायचा,” इओतेबाने बजावलं आणि मगच आ वासला.

डॉक्टरीण रोतियाने बॅटरीच्या उजेडात पाहिलं. वरचा पुढचा दात किडून पोकळ झाला होता. हिरडी टम्म सुजली होती. वरचा हा आणि खालचा त्याच्यासमोरचा, एवढी एकच जोडी तोंडात उरली होती; बाकीचे वर्षातून एकदा बेटावर येणाऱ्या दवाखान्याच्या बोटीने आधीच नेले होते. तिने पेटी उघडली. आत चिमटे, सुया आणि कापूस.

“काका, भरायचं सामान वरून देतच नाहीत. म्हणतात, लांबच्या बेटांवर दात भरून घेतंय कोण? सगळे काढूनच घेतात.”

“अगं, भरायला कधी कुणी आलंय का इथं?”

रोतिया ओशाळून हसली. हसली की तिचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसत.

इओतेबाचं पोट ऑक्टोपसवर चालायचं. बायको तेबेरू प्रवाळाच्या कपारीपुढे बुडी मारून आमिष व्हायची. ऑक्टोपसने तिला मिठी मारली की इओतेबा त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध कडकडून चावायचा. एका चाव्यात खेळ खलास. मग स्वारी गावभर मिरवायची. तेबेरूचे हात वळांनी भरलेले असत; पण कुणी तिचं कौतुक केलं, की हा म्हणायचा, “तिनं काय केलं? आमिषाला दात कशाला लागतात?”

“सुरी वापरा की,” रोतियाने सुचवलं.

“नको गं बाई,” तेबेरू घाईघाईने म्हणाली. “यांचा नेम मला माहीत आहे.”

बोट भरतीबरोबर सुटणार होती. पुढची वर्षाने. तोवर ठणका सोसणार कोण? दात गेला.

आठवड्याने इओतेबा स्वतः आमिष झाला. पहिल्याच मिठीत पाण्याबाहेर तोंड काढून असा बोंबलला, की किनाऱ्यावरच्या कोंबड्या उडाल्या. तेबेरूने चावून ऑक्टोपसची मिठी सोडवली आणि तोंड पुसलं.

“ओरडू नका,” ती म्हणाली. “आमिष बोलत नसतं.”

गाव वर्षभर हसलं, पण चूल पेटत राहिली. तेबेरूच्या तोंडातही समोरासमोरची जोडी एकच होती. इओतेबा तिला जिवापाड जपू लागला. सुका मासा कुटून मऊ करून वाढायचा. चहातली साखरसुद्धा त्याने लपवून ठेवली. बायकोची एवढी काळजी त्याने लग्नातही केली नव्हती.

तरी पुढची बोट आली तेव्हा तेबेरूचा गाल फुगलेला होता.

“कुणाचा दुखतोय?” रोतियाने विचारलं.

“आमचा,” इओतेबा म्हणाला.

रोतियाने पेटी उघडली. तेच चिमटे. तिला मान वर करवेना.

“मी मागितलं होतं, काका. शप्पथ. पुढच्या वर्षी नक्की आणते.”

तेबेरू रात्र रात्र तळमळत होती. तिचाही दात गेला. घरात आता चावणारं कुणी उरलं नाही. रोतिया बराच वेळ समजूत घालत राहिली. इओतेबाचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता.

“डॉक्टरीणबाई,” शेवटी त्याने विचारलं, “पोहता येतं का तुम्हाला?”