मॉसच्या लाल भिंती

मॉसच्या देठातून पाणी वर नेणाऱ्या पेशींच्या भिंतींत लिग्निन नसतं, असं पुस्तकं सांगतात. लिग्निन म्हणजे लाकडाला ताठ ठेवणारं द्रव्य. मुलुंडच्या कॉलेजात निहारने त्याच देठाचा पातळ काप घेतला, त्यावर लिग्निन ओळखायचं रसायन टाकलं, तर भिंती लालभडक. त्याच्या गाइड पद्मजा मॅडम मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. त्यांनी स्टाफरूममध्ये या शोधाचे पेढे वाटले.

आठवड्याने निहार म्हणाला, "मॅडम, नव्या ब्लेडने वीस काप घेतले. एकही लाल झाला नाही. जुन्या ब्लेडला कुंकू लागलं होतं."

"कुंकू?"

"खंडेनवमीला मी लॅबमध्ये पूजा केली होती. नंतर ब्लेड पुसायचं राहिलं. सॉरी, मॅडम."

मॅडमनी ते ब्लेड उलटसुलट करून पाहिलं, मग कागदात गुंडाळलं.

"खंडेनवमीला तू चिपळूणला होतास, निहार. पूजा मी केली."

"कोणाला काय कळणारे, मॅडम? माझं नाव सांगा ना."

मॅडम पुडी घेऊन उठल्या. "पेढे मी वाटले होते ना? मग हेही मीच सांगून येते."