कुंदाची कंबर

“फारसं नाही दुखत,” असं कुंदा म्हणाली, तेव्हा कायरोप्रॅक्टर डॉक्टर समेळबाईंनी तिला पुढं काही विचारलंच नाही. त्यांनी एक पट्टा तिच्या कमरेला बांधला आणि दुसरा तिच्या नवऱ्याच्या. “आम्ही बायका कुठं खरं सांगतो? दहा मिनिटं तिचं दुखणं तुम्ही घ्या आणि कुठं दुखतं ते सांगा.”

भालचंद्र हसला. पेणला त्याचा गणपतीचा कारखाना होता. मूर्तींचे डोळे तो खुर्चीत बसून रेखायचा. खाली वाकून शाडू मळायचं काम कुंदाचं. माती मळण्यात कसलं आलंय दुखणं, असं तो वीस वर्षं म्हणत आला होता.

बाईंनी बटण दाबलं आणि तो टेबल धरून ओरडला, “आई गं! इथं, डावीकडं! पार पायात उतरतंय!”

“आता नेमकं कळलं. मणक्यांवर उपचार करू, हळूहळू उतार पडेल. पण माती मळायला कमरेइतकं उंच टेबल हवं.”

“आजच करतो, बाई!”

थोड्या वेळानं बाहेर हसण्याचा आवाज आला. भालचंद्रनं भिंतीला धरून दारातून पाहिलं. पट्ट्यासकट बाहेर गेलेली कुंदा रिसेप्शनवरच्या मुलीबरोबर गरागरा फुगडी खेळत होती.

“झाली दहा मिनिटं,” म्हणत बाईंनी बटणाकडं हात नेला.

भालचंद्र वाकल्या वाकल्याच आडवा आला. “थांबा हो, बाई. तिची फुगडी होऊ दे.”