प्रतिज्ञेचा भाग

"ड्रोननं इचारलं, फॉरमॅट करू का? मी आपलं हो म्हणलं," लग्नाचं शूटिंग केलेला धम्मदीप तिसऱ्यांदा सांगत होता. "मोठ्या कॅमेऱ्याचं कार्ड त्यात घातलंय, हे ध्यानातच न्हाई राहिलं."

"अन् त्याच्यावर पंगत भरली," नवरदेवाची आई सुलाबाई म्हणाल्या. "माझ्या लेकाची लग्नातली प्रतिज्ञा गेली आन् वरून जेवणाऱ्यांची टकलं दिसायलीत."

धम्मदीपनं कार्ड परभणीला दुकानात नेऊन दाखवलं होतं. पुसलेल्यावर दुसरं भरलं की पहिलं निघत नाही, एवढंच कळलं. ही गोष्ट चुडावा गावात पसरली तर पुढच्या लग्नांना त्याला कोण बोलावणार? म्हणून त्यानंच तोड काढली. लग्नाला तीन महिने झाले असले तरी विहार तोच, बौद्धाचार्य आश्रुबा तेच. फक्त हार ताजे आणायचे आणि तेवढा प्रतिज्ञेचा भाग परत घ्यायचा.

नवरी तयार होईल का, ही त्याला धास्ती होती. पण ठरल्या दिवशी सुकेशनी सगळ्यांच्या आधी विहारात येऊन बसली होती. लग्नाचीच पांढरी साडी, शेजारी भली मोठी बॅग.

"चार पावलांवर विहार, आन् एवढी बॅग?" तिचा नवरा शीलवंत म्हणाला. "अक्कल भरून आणलीस का त्यात?"

सुलाबाई खुदकन हसल्या.

"लागंल तेवढंच घेतलंय," सुकेशनी म्हणाली.

"ताई, तुमचं वाक्य ध्यानात हाय ना?" धम्मदीपनं विचारलं.

"तिला काय इचारायलास?" शीलवंत म्हणाला. "म्हण म्हणलं की म्हणती ती. जल्दी कर."

या खेपेला धम्मदीपनं दोन कॅमेरे लावले. कार्डं नवी, ज्याचं त्याला.

"दोन्ही चालू हायत ना, दादा?" सुकेशनीनं विचारलं.

"हायत, ताई. आता काय बी पुसलं जायचं न्हाई."

आश्रुबा सांगत गेले, शीलवंत म्हणत गेला. मी पत्नीचा सन्मान करीन. तिचा अपमान करणार नाही. आवाज खणखणीत, तोंडावर उजेड बरोबर. धम्मदीपला हायसं वाटलं.

"आता वधूनं म्हणायचं," आश्रुबा म्हणाले. "मी या पतीचा स्वीकार करते."

सुकेशनीनं गळ्यातला हार काढून शीलवंतच्या हातात दिला. मग कॅमेऱ्याकडं बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी या माणसाचा स्वीकार करत न्हाई."