पूजेच्या दिवशीचा पिक्चर

संपाला वर्ष उलटलं होतं आणि बिलं थकून लालबागच्या त्या चाळीत जवळजवळ सगळ्यांची लाइट कापली गेली होती. तरी सत्यनारायणाच्या पूजेला वर्गणी काढून व्हिडिओ आणलाच, आणि चंदूने कुठूनतरी वायर ओढून गॅलरीत टीव्ही लावला.

लहू ऐटीत सगळ्यांच्या पुढे बसला. संप मोडून गिरणीत परत गेलेल्या गणपतच्या घराशी कुणी बोलायचं नाही, असं चाळीला बजावणारा तोच. पडद्यावर हिरोने मालकाच्या चमच्याला कानफटवलं, तसा लहू गणपतच्या लोटलेल्या दाराकडे बघून ओरडला, "गद्दाराला अस्संच पायजे!"

टाळ्या मात्र जरा कमीच पडल्या.

तेवढ्यात टीव्हीवरचं चित्र आक्रसून थरथरायला लागलं. "चंद्या, वायर बघ रे!" म्हणत लहू स्वतःच उठला आणि वायरीच्या मागोमाग गेला. वायर गणपतच्या दाराच्या फटीतून आत गेली होती. दार किलकिलं झालं आणि गणपतची बायको रखमा हळूच म्हणाली,



"बसा भावजी. आमचा पंखा बंद करते, मग नाय हलायचं."