दर्याची कणकण

मावशींनी जेट्टीच्या शेवटच्या पायरीवर बसून हात पालथा केला आणि पाण्याला टेकवला, आजारी पोराच्या कपाळाला टेकवतात तसा.

"दर्याक कणकण आसा गे आज," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. हवामानबदलाच्या संशोधनासाठी अनुदान मिळवून मी कोकणातल्या या सागरी प्रयोगशाळेत पंधरा दिवसांसाठी आले होते. मावशी तिथे काचेच्या टाक्या धुवायच्या. "मावशी, तापमापक सांगतोय, सरासरीपेक्षा दीडच अंश जास्त आहे."

"पोराक दीड डिग्री ताप चढलो तर तुका झोप येयत काय?"

त्यानंतर रोज पहाटे समुद्र मला अंथरुणाला खिळल्यासारखा दिसू लागला. धुक्याची चादर हनुवटीपर्यंत ओढून तो संथ, जड श्वास घ्यायचा.

निघायच्या दिवशी तापमापक पिशवीत ठेवून मी त्याच पायरीवर बसले. हात पालथा करून टेकवला. पाणी इतकं सुखद, उबदार होतं की हात काढवेना.

"किती आसा गे?" मावशींनी मागून विचारलं.

"उतरेल हं," मी पाण्यालाच म्हणाले. अहवालात मी कालच नेमकं उलट लिहिलं होतं.